पुण्याचं सर्व्हिस बुक

आमच्या वाड्यावरची आंटी गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं. नाव लिहीत नाही. वाड्यावरच्यांना कळेलच, इतरांना कळून उपयोग नाही. आमच्या घराची पाठची बाजू आणि तिच्या घराची पुढची बाजू यांच्यामध्ये एक पेराचं झाड आणि एक मोडका गडगा, एवढंच अंतर. चवथीच्या नेवऱ्या आमच्याकडून तिच्याकडे जायच्या, नाताळचा दोदोल तिच्याकडून आमच्याकडे यायचा. गोव्यातल्या वाचकाला यापुढे काही सांगायची गरज नाही.

शेवटचे दोन महिने ती खाटेवरच होती. मुलगा तारवटी, तो बोटीवर. कचेरीतून आल्यावर मी दहा-पंधरा मिनिटं तिच्याकडे जाऊन बसायचो. एका संध्याकाळी तेर्स संपवून माळ उशाखाली ठेवता ठेवता तिने विचारलं, "बाबा, हांवें केलां तें पुरो जातलें रे?"

काय पुरेल, कुठे पुरेल हे विचारावं लागलं नाही. मी आपला शहाणपणाने म्हणालो, "आंटी, भियेवं नाका. तुजें खातें भरलां." आणि ते खोटंही नव्हतं. रोजचं मीस, करेज्मातले उपास, कपेलाला दिलेले पैसे, नणंदेच्या दोन पोरक्या मुलींना वाढवून त्यांची लग्नं करून दिलेली. वाड्यावर कोणाकडे आजारपण असलं की पेजेचं भांडं घेऊन पहिली ही हजर. अशा बाईचं खातं भरलेलं नसेल तर कोणाचं असणार?

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खातें कोणें पळयलां?"

वीस वर्षांवर मी सरकारी कारकुनी करतोय. लोकांची सर्व्हिस बुकं लिहिण्यात आयुष्य चाललंय. खातं कोणी पाहिलं, या प्रश्नाला मला उत्तर सुचलं नाही.

त्या रात्रीपासून हा विषय डोक्यात घोळतोय. आज लिहायला बसलो ते रागाने. राग थोडा स्वतःवर, बराचसा एका वाक्यावर, जे आपण सगळे दिवसातून दोनदा उच्चारतो. "शेवटी सगळे धर्म एकच सांगतात हो, चांगलं वागा, देव चांगलं करील." आमच्या कचेरीत कोणाच्या मयताहून परतताना, कोणाच्या फेस्ताला जेवून हात पुसताना, हे वाक्य आलंच. ऐकायला गोड, भांडण टाळणारं. आणि ख्रिस्ती धर्मापुरतं बोलायचं तर साफ चुकीचं.

आधीच सांगतो, मी ख्रिस्ती नव्हे, व्हायचा विचारही नाही. घरी देवघर आहे, कुळदेवतेची जत्रा चुकत नाही. तेव्हा हे प्रचारपत्रक समजू नये. पण शेजाऱ्याचा धर्म चुकीचा समजून वर त्याला उदारपणाने शाबासकी द्यायची, हा आपला जो सर्वधर्मसमभाव आहे ना, त्याचा मला कंटाळा आला आहे.

चांगली कामं करून, पुण्य साठवून, मोक्ष कमवायचा ही ख्रिस्ती शिकवण नाहीच. उलट पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा एक तपस्वी होता. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने नीट वागून देवाच्या पसंतीला उतरू शकतो, असा त्याच्या शिकवणीचा रोख. माणूस सज्जन होता, कडक वागणुकीचा. ऑगस्टिनने त्याच्याविरुद्ध लेखणी झिजवली आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण पाखंड ठरवली. म्हणजे आम्ही कचेरीत चहाच्या कपासोबत जो ख्रिस्ती धर्म सांगतो, तो त्यांच्याकडे सोळाशे वर्षांपूर्वी नामंजूर झालेला आहे.

कोणी म्हणेल, हे लूथरवाल्यांचं, आमच्या गोव्यात सगळे कॅथलिक. खरं आहे. १५१७ साली लूथरने पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे युरोप दुभंगला. पण त्याला उत्तर द्यायला जमलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेनेही १५४७ साली हेच लिहून ठेवलं की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो त्याची सुरुवात कृपेने होते, आधी केलेल्या कुठल्याही कामाच्या बळावर ती कृपा मिळवता येत नाही. पुढे कृपेत राहून केलेल्या कामांना किती मोल, यावर दोघांचं वाजलं आणि ते पूर्ण मिटलेलं नाही. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि लूथरन दोघांनी या मुद्द्यावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. २००६ साली मेथडिस्ट आले, २०१७ साली रिफॉर्म्ड चर्चेस. चारशे-पाचशे वर्षं एकमेकांना पाखंडी म्हणणारे ज्या गोष्टीवर एकत्र सही करतात, ती त्या धर्मातली किरकोळ गोष्ट नसावी.

मग गाभा काय? ख्रिस्ताला शोधणं. तो काय देतो ते शोधणं नव्हे, त्यालाच. इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की लोक "बरं बरं" म्हणून मान हलवतात आणि पुढे जातात, म्हणून एका मराठी बाईचं उदाहरण घेतो. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं नाव आपण समाजसुधारकांच्या यादीत टाकून मोकळे झालोय. विधवांसाठी शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, स्त्रीशिक्षण वगैरे. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. त्या काळात बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. सगळं कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराणं सांगत हिंडत होतं. पैसा होता तो ब्राह्मणांना दान, देवांना दान. संपत आला तेव्हाही उपास, जप, अनुष्ठानं चालूच, कारण देव कधीतरी प्रसन्न होईल. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्नान्न दशेत आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय आणि वाचताना पोटात कालवतं. सगळं करून झालं होतं. पुरलं नाही.

आता आपल्याला वाटतं की पुढे १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि गोष्ट संपली. तशी ती संपत नाही, खरी गोष्ट तिथून पुढे आहे. रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या गेल्या त्याला एक कारण ख्रिस्ती लोकांची कामं होती. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथल्या सिस्टर लोकांनी चालवलेला आश्रम त्यांनी पाहिला आणि त्या हलून गेल्या. धर्म पटला, शिकवण पटली. परत आल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, राबराब राबल्या. आणि बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त सापडलेला नाही. हे माझं निदान नव्हे. स्वतःच्या साक्षीत त्यांनीच हे सांगितलंय.

विचार करा. वेद, उपनिषदं, पुराणं कोळून प्यालेली बाई, बायबल वाचलेली, परदेशात राहिलेली, धर्मांतरासाठी सगळ्या महाराष्ट्राच्या शिव्या खाल्लेली. ती म्हणते, दुकान बदललं पण वही तीच राहिली होती! आधी तीर्थं आणि उपास लिहीत होते, आता प्रार्थना आणि समाजसेवा. (शब्द माझे, कारकुनाचे आहेत. आशय त्यांचा.) त्यानंतर त्यांनी वही ठेवली आणि माणसाला धरलं. गंमत म्हणजे कामं कमी झाली नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो बायका-मुली केडगावला आणल्या. म्हातारपणी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि १९२२ साली गेल्या. हे सगळं आधीच्या आठ वर्षांपेक्षा कितीतरी जास्त आहे. फरक एवढाच की ते बिल म्हणून देवापुढे ठेवायचं नव्हतं.

इथे कचेरीतले माझे मित्र हटकून विचारतात, "म्हणजे काय, वाट्टेल ते करा आणि शेवटी नाव घ्या, की झालं?" हा आक्षेप नवा नाही. पौलाला त्याच्या हयातीतच लोकांनी हेच विचारलं होतं आणि रोमच्या पत्रात त्याने त्याचं उत्तर दिलंय. याकोबाचं पत्र तर कामाशिवायची श्रद्धा मेलेली समजतं. जर्मनीत बोनहोफर नावाच्या पाद्रीने १९३७ साली अशा स्वस्त कृपेवर कोरडे ओढले, आणि १९४५ साली हिटलरच्या राजवटीने त्याला फाशी दिलं. तेव्हा आयत्या बिळावर नागोबा होण्याची सोय ही नव्हे. प्रश्न कामं करायची की नाही हा नाहीच. आधी काय आणि मग काय, हा आहे.

हे मला बायबलपेक्षा आमच्या फायलीतून जास्त चांगलं समजलं. माझी नोकरी अनुकंपा तत्त्वावरची. वडील नोकरीत असतानाच गेले, मी नुकताच बी. ए. झालेलो. एलडीसीची ऑर्डर हातात आली तेव्हा मी ना परीक्षा दिली होती ना मुलाखत. परीक्षा देऊन आलेले सहकारी पहिली दोन वर्षं मला टोमणे मारायचे. मी रात्री आठापर्यंत बसून फायली उपसायचो, का, तर ही ऑर्डर मी कमावली आहे असं सगळ्यांना वाटावं. कशी कमावणार? ती आधीच मिळालेली होती! एका जुन्या हेडक्लार्कने एकदा माझ्या टेबलावरचा दिवा घालवला आणि म्हणाला, "घरी जा रे बाबा, ऑर्डर कोणी परत घेत नाही." त्यानंतर मी कामचुकार झालो नाही. उलट पहिल्यांदा काम आवडायला लागलं. (उदाहरण पुरतं जुळत नाही हे कबूल. अनुकंपेलाही आमच्याकडे अटी, दाखले आणि प्रतीक्षा यादी असते.) आणखी एक शब्द रोज आमच्या हाताखालून जातो, एक्स-ग्रेशिया. हक्क नसताना दिलेली रक्कम. लॅटिनमधल्या 'ग्रातिया'चा अर्थ कृपा. आंटीच्या रोजच्या प्रार्थनेतली 'कुर्पा' ती हीच.

येशूने हे सांगायला निवडलेला दृष्टांत तर आमच्या कचेरीत वाचला तर युनियनची सभा भरेल. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायला तासभर असताना आणखी लावतो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. मी हा दृष्टांत एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितला. डेलीवेजवर बारा वर्षं काढून रेग्युलर झालेला आमचा शिपाई भडकलाच, "हो न्याय खंयचो?" बरोबर आहे, न्याय नाहीच तो. मालकाने कोणाचं काही बुडवलेलं नाही, ठरलेलं दिलंय. पण सिनिऑरिटी लिस्ट त्याने फाडून टाकलीय, आणि आपल्याला खरं दुःख त्याचं असतं. पगार कमी मिळाल्यापेक्षा शेजारच्याला तेवढाच मिळाला, हे जास्त झोंबतं.

आता गोव्यातल्या हिंदू वाचकाचा खरा आक्षेप. तो मनात आहे हे मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात आहे. कसली कृपा घेऊन बसलात? मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला का गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला का गेली? १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इथे इन्क्विझिशन होतं. तेव्हा कुठे गेली होती ही फुकट मिळणारी कृपा?

या आक्षेपाला मी बगल देणार नाही. पण नीट बघितलं तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. जमीन जाईल, वतन जाईल, पोरकं मूल उचलून नेलं जाईल, या भीतीने जो बाप्तिस्मा झाला त्यात कोण कोणाला शोधत होतं? आणि करणारे काय करत होते? मोजत होते. इतकी देवळं, इतके बाप्तिस्मे. खुद्द फ्रान्सिस झेवियरच्या पत्रात त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात दहा हजारांवर माणसांना बाप्तिस्मा दिल्याचा आकडा आहे. गोंयच्या सायबाबद्दल मला आदर आहे, २०२४ च्या शवप्रदर्शनात जुन्या गोव्याच्या रांगेत मीही उभा होतो. पण आकडा तो आकडा. जी गोष्ट कमावता येत नाही ती लादताही येत नाही. ज्या राजसत्तेने ती लादली तिने आपल्याच धर्माचा गाभा मोडला आणि वर त्याचं पुण्य आपल्या खात्यावर लिहिलं. आपल्या पूर्वजांवर झालेला अन्याय याने पुसला जात नाही. पण तो अन्याय म्हणजेच ख्रिस्ती श्रद्धा, असं धरून चालणंही खरं नव्हे.

त्याच सासष्टीत, त्याच काळात, दुसरीही एक गोष्ट घडली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं गेली होती. हातात उरले होते नेम, आज्ञा, पाठ करायच्या प्रार्थना आणि मनाया. त्यांना वाचायला पुराण हवं होतं. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने ते लिहिलं, मराठीत, ओवीत, आणि १६१६ साली राशोलला ते छापलं गेलं. 'क्रिस्तपुराण'. आपण गोव्यातली मराठी मंडळी या ग्रंथाचं काय करतो? त्यातल्या मराठी भाषेच्या स्तुतीच्या चार ओव्या पाठ करतो आणि भाषावादाच्या सभेत कोकणीवाल्यांच्या तोंडावर फेकतो. मीही फेकल्यात. पण जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ आहे तो! बाकीच्या कशाबद्दल आहेत? जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होऊन एका माणसाच्या जन्मापर्यंत, मरणापर्यंत आणि पुढे चालणारी कथा आहे ती. नियमांनी माणूस ओळखता येत नाही. त्याची गोष्ट ऐकावी लागते. स्टीफन्सच्या श्रोत्यांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी पुराण मागितलं.

आपल्यालाही हे कळायला जड जाऊ नये. रेव्हरंड टिळक म्हणायचे की ते ख्रिस्ताकडे आले ते तुकारामाच्या पुलावरून. विठ्ठलाला भेटायला जाणारा वारकरी किती मैल चाललो याचा भत्ता मागत नाही. मात्र इथेही "म्हणजे सगळं एकच" म्हणून लगेच टाळी वाजवू नका. टिळक पूल ओलांडून पलीकडे गेले, पुलावर घर बांधून राहिले नाहीत. ख्रिस्ती माणूस एका ठराविक माणसाबद्दल, त्याच्या एका ठराविक मरणाबद्दल बोलतो. ते आपल्याला पटो न पटो, तो काय म्हणतो ते तरी ऐकून घ्यावं.

आणि ख्रिस्ती वाचकांनाही एक शब्द, शेजारी म्हणून. तुमच्या प्रवचनांतून, मयताच्या भाषणांतून, मीही हेच ऐकत आलोय की मेलेल्याने किती दिलं, किती वर्षं कोणत्या मंडळात होता, किती फेस्तं साजरी केली. जन्मभर मीस चुकवलं नाही अशी बाई मरताना पुरेल का म्हणून विचारते, तेव्हा तिला कोणीतरी चुकीचा हिशेब शिकवलेला असतो. त्यात माझ्यासारखा शेजारी "खातें भरलां" म्हणून भर घालतो.

चार-पाच दिवसांनी मी पुन्हा आंटीकडे गेलो. या खेपेला बायबल चाळून गेलो होतो. धर्म सांगण्याचा मला अधिकार नाही, म्हणून आपली गोष्टच काढली, जक्कयाची. यरीहोचा जकातदार, म्हणजे आमच्याच महसूल खात्यातला. खाऊन गबर झालेला. येशू कोण ते बघायचं म्हणून गर्दीपुढे पळत जाऊन उंबराच्या झाडावर चढला. (आपल्या दत्ताचं झाड! मराठी बायबलात उंबरच आहे.) येशू खाली थांबला, वर बघून त्याला नावाने हाक मारली आणि म्हणाला, खाली ये, आज मी तुझ्याकडे उतरणार आहे. तोवर जक्कयाने एक पै परत केली नव्हती. अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवलेल्यांना चौपट, हे सगळं त्यानंतरचं.

आंटी ऐकत होती की झोपली होती कळेना. मी थांबलो तशी डोळे मिटूनच म्हणाली, "मोटवो आसलो तो." ठेंगणा होता, म्हणून झाडावर चढावं लागलं. गोष्ट तिला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. मग थोड्या वेळाने विचारलं, "आनी जेवणाक कितें केल्लें रे ताणें?"

मी म्हटलं, तें बरयल्लें ना. तिला ते काही पटलं नाही. असा पावणा घरी आला आणि काय रांधलं ते लिहायचं राहिलं, हे कसं शक्य आहे? पुष्कळ वेळ ती त्यावरच बोलत राहिली. नुस्तें असेल का, मेंढराचं असेल का, इतक्या आयत्या वेळी त्याने कोणाला बाजारात पाठवलं असेल. पुरेल की नाही, ते त्या दिवशी तिने विचारलं नाही.